पातेल्याच्या आतला आकार

२०२१ सालच्या २२ जुलैला सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या, तेव्हा बाजारपेठेतल्या आमच्या घरात पाणी माळ्याच्या तुळईला टेकलं होतं. पाणी उतरलं आणि मागे गाळ राहिला. जमिनीवर गाळ, कपाटाच्या कप्प्यांत गाळ, शिवणयंत्राच्या खणात गाळ. पंधरा दिवस आम्ही फक्त उपसत होतो. थोरल्या काकीचं एक ठोक्याचं पितळी पातेलं काठोकाठ भरलं होतं. ते घासायचं त्राण कुणात उरलं नव्हतं, म्हणून कुणीतरी ते तसंच माळ्यावर सरकवून ठेवलं आणि आम्ही ते विसरलो.

दिवाळीच्या तोंडावर माळा झाडताना ते हाती लागलं. साडेतीन महिन्यांत आतला गाळ सुकून आकसला होता, काठाशी बारीक फट पडली होती. काकीने पातेलं परसात उपडं केलं, बुडावर दोन थापा मारल्या, आणि सगळा गाळ एकसंध सुटून जमिनीवर बसला. मी तो दोन्ही हातांनी उचलला. जड होता, गार होता. पातेल्याच्या आतले ठोके त्याच्या अंगावर बारीक बारीक उंचवटे होऊन उमटले होते. जिथे पातेल्याला बाहेरून पोचा आला होता, तिथे गाळाला खळगा पडला होता. चाळीस वर्षं मी त्या पातेल्यातला भात खाल्ला. त्याच्या आतल्या रिकाम्या जागेला स्वतःचं अंग आहे, वजन आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी चित्रकलेचा शिक्षक. स्थिरचित्राच्या तासाला मी शेकडो मुलांकडून पातेली काढून घेतली. बाहेरची रेघ, बुडाची सावली, काठावरची चकाकी, सगळं शिकवलं. आतल्या जागेबद्दल एक शब्दही कधी बोललो नाही. माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी अमूर्त शिल्पावर ही पुस्तिका लिहिली आणि प्रस्तावनेसाठी माझ्याकडे आले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं, ते त्या गाळाच्या गोळ्यामुळे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली शाळकरी मुलं, त्यांचे शिक्षक आणि शिल्प म्हटलं की ज्यांना चौथऱ्यावरचा पुतळाच आठवतो अशी माझ्यासारखी माणसं, यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. शिल्पकार नुसत्या आकाराशी आणि अवकाशाशी काय करतो, आणि आपण त्याच्यासमोर कसं उभं राहायचं, एवढाच तिचा विषय.

एवढाच म्हटलं खरं, पण अडचण भाषेपासूनच सुरू होते. आपल्या बोलण्यात रिकामपणाला फारसा मान नाही. पोकळ बाता, पोकळ डौल, रिकामटेकडा, रिकाम्या हाताने आला. भरलेलं ते चांगलं, भरल्या घरात, भरल्या ताटावर. जिथे काही नाही तिथे बघण्यासारखंही काही नाही, असं आपण धरूनच चालतो. पण त्याच बोलण्यात अवकाश हा एक विलक्षण शब्द आहे. शिल्पकार तो जागेसाठी वापरतो. आणि पोलादपूरचा शेतकरी जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळाकडे बघून म्हणतो, ‘अजून अवकाश आहे’, तेव्हा तो वेळेबद्दल बोलत असतो. जागा आणि वेळ एकाच शब्दात. शिल्प बघण्याची सगळी गोम या शब्दात आहे असं मला वाटतं, कारण चित्र एका जागी उभं राहून बघता येतं, शिल्पाभोवती मात्र फिरावं लागतं आणि फिरायला वेळ लागतो. तुम्ही पाऊल टाकता तसा आकार बदलतो. मघाशी बंद दिसत होती ती बाजू उघडते, दोन कडांमधून मागचं झाड दिसायला लागतं. शिल्प जागचं हलत नाही, पण त्याच्याभोवतीचा अवकाश तुमच्या चालण्याने हलत राहतो.

अमूर्त शिल्पासमोर आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘हे काय आहे?’ या प्रश्नाची मला चीड नाही. प्रामाणिक प्रश्न आहे. अमेरिकेच्या कस्टम खात्यानेही तोच विचारला होता. १९२६ साली कॉन्स्तान्तिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराचं ‘बर्ड इन स्पेस’ हे ब्राँझचं शिल्प बोटीने न्यूयॉर्कला पोचलं. उभट, निमुळतं, आरशासारखं घासलेलं. त्याला चोच नाही, पंख नाहीत, पाय नाहीत. कलाकृतीवर जकात नव्हती, पण अधिकाऱ्यांना हे शिल्प वाटेचना. त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या आणि इस्पितळातल्या वस्तूंच्या यादीत घातलं आणि ४० टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं. शिल्पकार, संग्रहालयांची माणसं साक्षीला उभी राहिली, आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. वस्तू हुबेहूब दिसत नसली तरी ती शिल्प असू शकते, हे कोर्टाने मान्य केलं. निकालाला शंभर वर्षं होत आली तरी ‘हे काय आहे?’ हा प्रश्न जत्रेतल्या माणसापासून कलादालनातल्या माणसापर्यंत सगळ्यांच्या ओठांवर आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी पुस्तिकेत तो थोडा वळवून घेतला आहे: ‘इथे काय होतंय?’ कुठे जड वाटतंय, कुठे तोल जाईलसं वाटतंय, कुठून वारा आत जाईल, कुठे हात घालावासा वाटतोय? असे प्रश्न विचारले की बोलायला सुरुवात होते. सहावीतली मुलंसुद्धा मग भरभरून बोलतात, हे मी पाहिलं आहे.

पुतळ्यातही पोकळी असते, ती फक्त आपल्यापासून लपलेली असते. आपल्या जिल्ह्यातलं पेण गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कारखान्यात मुलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा सगळी मुलं रंगाच्या खोलीत गर्दी करून उभी राहिली. एक मुलगा मात्र मागच्या पडवीत साच्यांजवळ थांबला. साचा दोन बाजूंना उघडून ठेवला होता आणि त्यात गणपती नव्हता, गणपतीची जागा होती. पोटाच्या जागी खोलगट वाटी, सोंडेच्या जागी वळणदार पन्हळ. त्याने त्या पन्हळीतून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘सर, सोंड उलटी आहे.’ बरोबर होतं त्याचं. साच्यात सगळं उलटं असतं, फुगीर ते खोल, उजवं ते डावं. ब्राँझच्या पुतळ्याचंही तेच. मातीत घडवलेल्या मूर्तीचा साचा, साच्यात मेणाचा पातळ थर, थराच्या आत गाभा, बाहेरून कवच, मग मेण वितळवून काढायचं आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत धातू ओतायचा. गाभा काढून टाकला की उरतं ते बोटाच्या पेराहूनही कमी जाडीचं धातूचं कवच. भर चौकात घोड्यावर बसलेला भक्कम पुतळा आतून पोकळ असतो, म्हणूनच तो उभा राहतो.

याच जिल्ह्यातल्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर हे वास्तवदर्शी शिल्पाचे आपल्याकडचे मोठे उस्ताद. १८९१ ते १९६७ हा त्यांचा काळ. पुण्यातला त्यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८चा. सासवण्याच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. अमूर्ताची बाजू घ्यायची म्हणून करमरकरांना कमी लेखायचं, हे मला मान्य नाही आणि पुस्तिकेतही तसं कुठे नाही. उलट, सासवण्याला गेलात तर त्यांच्या मूर्तींच्या हातापायांमधल्या जागा बघा. कोपर आणि कंबर यांच्यामधला त्रिकोण, म्हशीच्या पोटाखालची सावली. त्या जागा त्यांनी अंगाइतक्याच काळजीने घडवल्या आहेत. अमूर्त शिल्पकार एवढंच करतो की तो अंग काढून घेतो आणि त्या जागांना पुढे आणतो.

आता गांधारपाल्याविषयी. मुंबई-गोवा महामार्गावरून महाडला येताना गावाच्या अलीकडे डोंगराच्या कपाळावर काळ्या चौकटींची रांग दिसते. तिशीच्या आसपास लेणी आहेत, बौद्ध, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचा शिलालेख तिथे आहे. आम्ही लहानपणी तिथे जायचो ते करवंदांसाठी. शिल्प बघायला म्हणून कुणी गेलं नाही, कारण वेरूळ-अजिंठ्याच्या मानाने इथे मूर्ती फार थोड्या. नक्षी नाही, रंग नाहीत. नुसत्या ओसऱ्या, खांब, चौकोनी खोल्या, दगडी ओटे, पाण्याची टाकी. आणि नेमकं म्हणूनच अमूर्त शिल्प शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

घर बांधताना आपण जोडत जातो. जोतं, भिंत, तुळई, छप्पर. लेणं खोदणारा काढत जातो. तो छतापासून सुरुवात करतो आणि खाली उतरतो, म्हणजे परांची बांधायची गरज पडत नाही. दगड जागेवर ठेवायचा की काढायचा, एवढा एकच निर्णय तो हजारो वेळा घेतो. आणि काढलेला परत बसवता येत नाही. खांब कोरताना त्याने खांब बसवलेला नसतो, खांबाभोवतीचा डोंगर काढलेला असतो. मराठीत शिल्पाला किती क्रियापदं आहेत बघा: कोरणं, घडवणं, ओतणं, रचणं. कोरणं हे त्यातलं सगळ्यात धाडसाचं. बरीच लेणी अर्धवट सोडलेली असतात, तिथे हे काम डोळ्यांसमोर उभं राहतं. पुरं झालेलं काम आपल्याला फसवतं, जणू तो खांब आधीपासून तिथेच होता.

एका खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी बसून बघा. बाहेर सावित्रीच्या खोऱ्यावर ऊन पांढरं झालेलं असतं, महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येत असतो. उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं की आवाज मंदावतो, हवा गार होते. दारातून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर तिरका पडतो आणि टाकीचे घाव एकेक करून दिसायला लागतात, तिरके, जवळजवळ, एकाच हाताच्या वळणाचे. उजेड सरकला की ते पुसट होतात. खोलीत पाहण्यासारखं काही नाही. तरी मन लागतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एका माणसाच्या बसण्याचं, निजण्याचं माप घेऊन त्या मापाची शांतता डोंगरातून काढली, असं मला तिथे दर वेळी वाटतं. शिलालेखांमध्ये अशा जागेला ‘लेण’ म्हटलेलं असतं. मराठीत लेणं म्हणजे दागिनाही. खोदून काढलेल्या रिकाम्या जागेला आपण दागिन्याचा शब्द देतो, हे माझ्या लक्षात यायला म्हातारपण यावं लागलं.

रायगडावरही असंच आहे. बाजारपेठेच्या उंच जोत्यांमधून चालताना भिंती नाहीत, छप्पर नाही, तरी आपण एका दुकानातून निघून दुसऱ्यात शिरतो. जोत्याच्या कडेने आपल्या पावलांना सांगितलेलं असतं. पण रायगडावर इतिहास इतका मोठ्याने बोलतो की तिथे नुसता अवकाश ऐकू येणं अवघड जातं. म्हणून मुलांना आधी गांधारपाल्याला न्यावं.

अमूर्त म्हणजे परकं, शिकलेल्यांचं, पॅरिस-लंडनचं, हा समज मात्र मनापासून सोडायला हवा. आपल्या गावागावांत देवीचा तांदळा आहे. गोलसर, न घडवलेला दगड, शेंदराचे थर चढत चढत मऊ झालेला. त्याला नाक-डोळे नसले तरी कुणाचं अडत नाही. कधी चांदीचे डोळे लावले जातात, ते काढले तरी देवी देवीच राहते. महाडच्या विरेश्वराच्या छबिन्याला काठ्या नाचतात तेव्हा लोक त्या काठीत कुणाचा चेहरा शोधत नाहीत. उभा, उंच, डोलणारा आकार गर्दीवर आला की अंगावर काटा येतो. आणि महाडचा क्रांतिस्तंभ. दर २० मार्चला आणि २५ डिसेंबरला हजारो माणसं त्याच्यापुढे येतात, १९२७च्या त्या दोन दिवसांची आठवण घेऊन. चवदार तळ्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे, तिथे माणसाला माणूस भेटतो. स्तंभापुढे भेटतो तो ताठ उभं राहण्याचा आकार. कुणालाही तिथे ‘हे काय आहे?’ असं विचारावं लागत नाही. म्हणजे आकाराची भाषा आपल्याला येते, ती कलादालनातही चालते एवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

पोलादपूरहून कशेडी घाट उतरून खेडमार्गे दापोली गाठली की पुढे मुरूड-हर्णै. हर्णै मासळीच्या लिलावासाठी आणि सुवर्णदुर्गासाठी सगळ्यांना ठाऊक. त्याच मुरूडमध्ये सदानंद बाकरे तीस वर्षांहून अधिक काळ राहिले, हे मात्र मला ते गेल्यानंतर कळलं. आमच्या घरापासून काही तासांच्या वाटेवर भारतीय आधुनिक शिल्पाचा एक आद्य माणूस राहत होता, आणि मी चित्रकला शिकवत असूनही एकदाही त्यांच्या दारात गेलो नाही. याची खंत मला आहे आणि ती इथे लिहून ठेवतो.

बाकरे १९२०चे, जन्म बडोद्याचा, शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे अशा सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सहांपैकी पाच चित्रकार. शिल्पकार एकटे बाकरे. १९५१ साली ते लंडनला गेले, तिथे चोवीस वर्षं राहिले, शिल्पं केली, चित्रंही केली. १९७५ला परतले आणि मुंबईत न थांबता कोकणातलं गाव धरलं. १८ डिसेंबर २००७ला तिथेच गेले.

जे. जे.च्या जुन्या शिस्तीत तयार झालेला हा माणूस. व्यक्तिशिल्प करण्यात हात पक्का. चेहऱ्याची हाडं, मानेचे स्नायू, कपड्याची चुणी, सगळं येत होतं. त्या हाताने हुबेहूबपणा सोडायचा ठरवला, हे लक्षात घ्यायला हवं. ‘येत नाही म्हणून अमूर्त करतात’ हा आरोप आपल्याकडे फार सहज केला जातो आणि बाकऱ्यांचं आयुष्य त्याला सरळ उत्तर आहे. त्यांना चेहऱ्याच्या मागचे पृष्ठभाग दिसायला लागले होते. कपाळ हा एक उतार, गाल हा दुसरा, आणि दोन उतार जिथे भेटतात ती धार. चेहरा बाजूला केला तरी उतार आणि धार उरतात, त्यांची आपापसातली ओढाताण उरते. त्यांच्या लंडनमधल्या चित्रांतही रेषा कोनदार आहेत, आकार एकमेकांत पाचरीसारखे अडकलेले आहेत. ती चित्रं एका शिल्पकाराची आहेत हे कुणालाही ओळखू यावं.

सहांपैकी हुसेन, रझा, सूझा यांची नावं घरोघरी पोचली. बाकऱ्यांचं नाव कलेच्या जगातही मागे पडलं. त्याला स्वभावही कारण असेल, लंडनची लांब वर्षंही असतील. पण माझ्या मते एक साधं, रोजचं कारण शिल्पातच आहे. चित्र गुंडाळून काखेत मारता येतं. शिल्पाला ओतकामाचा खर्च, ट्रक, चार हमाल आणि ठेवायला जागा लागते. विकत घेणाऱ्याच्या घरात भिंत सापडते, मोकळी जमीन सापडत नाही. अवकाशावर काम करणाऱ्या माणसाला आयुष्यभर जागाच कमी पडते. तरुणांना शिल्पकार व्हायचं असेल तर हे आधी सांगावं, आणि तरीही व्हा म्हणावं.

मुंबईत त्याच सुमारास आणखी दोघं वेगळ्या वाटांनी इथेच येत होती. आदी दावियरवाला, जन्म १९२२, पेशाने औषधनिर्माते, शिल्प शिकले ते ना. ग. पानसरे यांच्याकडे. लाकडापासून निघाले आणि धातू, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, लोहचुंबक इथपर्यंत पोचले. चुंबकाची ओढ डोळ्यांना दिसत नाही, पण दोन वस्तूंमधली जागा ती ताणून धरते. रिकाम्या जागेत काहीतरी घडतंय हे यापेक्षा स्पष्ट कसं दाखवणार? १९७५ साली ते गेले, अजून पुष्कळ काम करायचं असताना. आणि पिलू पोचखानवाला, १९२३ ते १९८६. भंगार लोखंड जोडून आणि अ‍ॅल्युमिनियम ओतून त्यांनी शिल्पं केली, हाजीअलीच्या चौकात त्यांचं ‘स्पार्क’ उभं होतं. सर कावसजी जहांगीर हॉलचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व्हावं म्हणून त्यांनी जीव ओतला. ते १९९६ साली खुलं झालं, ते पाहायला त्या नव्हत्या. आमच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत, पोलादपूरच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करणारी पोरं रोज त्याच सामानावर काम करतात. पुस्तिकेचे लेखक त्यांच्याकडे गेले, त्यांना पिलूबाईंच्या कामाचे फोटो दाखवले, आणि एकाने लगेच सांगितलं की कुठल्या जोडावर भार येतोय. कलासमीक्षकाला इतकं चटकन सांगता आलं नसतं.

पश्चिमेचा इतिहास पुस्तिकेत थोडक्यात आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. बार्बरा हेपवर्थ यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दगडाच्या आकारातून आरपार भोक पाडलं आणि त्याच सुमारास हेन्री मूर यांनीही तसंच केलं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. त्या भोकातून शिल्पाच्या मागचं जग शिल्पात आलं.

अनिश कपूर यांच्यावरचं प्रकरण सगळ्यात मोठं आहे आणि ते योग्यच आहे. १९५४ साली मुंबईत जन्मलेले, सत्तरच्या दशकात लंडनला शिकायला गेलेले. १९७९ साली ते भारतात फिरून गेले आणि त्यानंतरच्या त्यांच्या कामात जमिनीवर कोरड्या रंगाचे ढीग दिसायला लागले, लाल, पिवळे, निळे, कडा धारदार, पायथ्याशी रंग सांडलेला. देवळाबाहेर गुलाल-हळदीच्या राशी बघत वाढलेल्या आपल्याला ते ओळखीचं वाटेल. पण मला अधिक जवळचं वाटतं ते त्यांचं १९८९चं ‘व्हॉइड फील्ड’. खाणीतून काढलेले वालुकाश्माचे मोठाले धोंडे जमिनीवर मांडलेले आहेत, अंग खडबडीत, काही घडवलेलं नाही. प्रत्येक धोंड्याच्या माथ्यावर एक छोटं काळं भोक. जवळ जाऊन आत डोकावलं तर तळ दिसत नाही. आतून दगड पोखरून गडद रंग लावल्यामुळे तिथे अंधार भरून ठेवल्यासारखा वाटतो. फोटो बघताना मला आमच्या सावित्रीच्या पात्रातले रांजणखळगे आठवले. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरून फिरून कातळात विहिरीसारखे खड्डे पडतात. लहानपणी त्यात हात घालायची भीती वाटायची, आणि हात घातल्याशिवाय राहवतही नसे. कपूरांचा धोंडा नेमकी ती भीती आणि ती ओढ जागी करतो. शिकागोतलं त्यांचं ‘क्लाउड गेट’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. २००६ साली पुरं झालं, १६८ पोलादी पत्रे जोडून, सांधा कुठे दिसणार नाही इतकं घासून. जवळपास १०० टन वजन आणि बघणाऱ्याला त्यात दिसतं ते आभाळ. एकीकडे जड दगडात अंधार, दुसरीकडे जड पोलादात उजेड. दोन्हीकडे शिल्पकाराचं साहित्य एकच, रिकामी जागा.

आणि रेचल व्हाइटरीड. त्यांचं ‘हाउस’ मी फक्त छायाचित्रांत पाहिलं आहे, तरी त्याच्याबद्दल न लिहिणं मला शक्य नाही. १९९३ साली पूर्व लंडनमधलं एक जुनं, पाडायला निघालेलं घर त्यांनी आतून काँक्रीटने लिंपून काढलं आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरला तो खोल्यांचा आतला आकार. खिडक्या बाहेर फुगलेल्या, शेगड्यांच्या जागा उलट्या, जिन्याची नागमोडी कड. माणसं जिथे राहिली, भांडली, झोपली, ती हवा घट्ट होऊन उभी राहिली. जानेवारी १९९४मध्ये ते पाडलं गेलं. पुरानंतर आम्ही ज्या खोल्यांतून गाळ उपसला, त्या खोल्यांची मला याने आठवण करून दिली. त्याच २२ जुलैला आमच्या तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, पोलादपूरच्या साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यातही माणसं गाडली गेली. ज्या घरात माती शिरली त्या घराला आकार आणि अवकाश यांच्या गोष्टी सांगू नयेत, हे मला समजतं. पण तळीयेहून आलेल्या एका बाईंना मी विचारलं होतं की काय आठवतं, तेव्हा त्या भिंतींबद्दल, छपराबद्दल बोलल्या नाहीत. चुलीपासून दारापर्यंत किती पावलं होती ते त्यांनी हाताने हवेत दाखवलं. त्यांच्या हातांमध्ये ती जागा तशीच होती.

पुस्तिकेच्या शेवटच्या भागात करून बघायचे काही पाठ दिले आहेत. महाग साहित्य कुठलंच लागत नाही. शाडू, पुठ्ठा, वाळू, घरातली वाटी. एका पाठात दोन नारळ टेबलावर ठेवून त्यांच्यामधलं अंतर बोटाबोटाने कमी करायचं आणि कुठे ते एकमेकांना ढकलू लागतात, कुठे एकत्र येतात, ते वहीत लिहायचं. शिक्षकांना माझी एक विनंती आहे. या पाठांना गुण देऊ नका. आणि मुलाने काय केलंय ते त्याला सांगायला लावण्याआधी तुम्ही त्या वस्तूभोवती एक फेरी मारा.

मागच्या हिवाळ्यात या पाठांची चाचणी घ्यायला आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन गांधारपाल्याला गेलो होतो. एका खोलीत शिरल्यावर एका मुलीने विचारलं, ‘सर, आतला दगड केवढा होता?’ बाकीची हसली. मी म्हटलं, मोजू या. पावलांनी आणि वितींनी मोजलं. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही साधारण सात फूट. सात साती एकोणपन्नास, एकोणपन्नास साती तीनशे त्रेचाळीस. ३४३ घनफूट, म्हणजे सुमारे ९.७ घनमीटर. काळा दगड घनमीटरला सुमारे २.९ टन भरतो. मुलांनी जमिनीवरच्या धुळीत बोटाने गुणाकार केला आणि उत्तर आलं, २८ टन. सगळी एकदम गप्प झाली. ती मुलगी हळूच मागे सरकली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, समोरच्या मोकळ्या हवेकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि मैत्रिणीचा हात धरून म्हणाली, ‘तू जरा मधे उभी राहा गं.’